काजवे चमकले की त्या दिवसाचा खेळ संपला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर ३१ जानेवारी २०२५ रोजी भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामन्यात शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी हर्षित राणा ‘कन्कशन बदली’ (कन्कशन म्हणजे माराने मेंदू हादरणे) म्हणून उतरला, त्याने तीन बळी घेतले आणि भारत जिंकला. पुढे कित्येक दिवस वाद रंगला तो एवढ्यावरच, की अष्टपैलू फलंदाजाच्या जागी वेगवान गोलंदाज चालतो का. मार लागलेल्या डोक्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. दुबे दोनच दिवसांनी वानखेडेवर खेळला. त्याच वर्षाच्या मध्यात आयसीसीने कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस सक्तीने बाहेर ठेवण्याचा नियम आणला.

आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या दिमतीला डॉक्टर असतो, फिजिओ असतो, चेंडू नेमका कुठे लागला हे दाखवणारे चित्रण असते. तालुका पातळीवरच्या शालेय कबड्डीत काय असते? पंचाची शिट्टी, गुणपत्रक, कडेला पाण्याचा जार आणि मॅजिक स्प्रे. हे पत्र त्या मैदानांसाठी आहे.

‘डोळ्यांपुढे काजवे चमकले’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. ते मेंदू हादरल्याचे लक्षण आहे, हे मात्र लक्षात घेत नाही. मुलगा आपटतो, क्षणभर बसून राहतो, डोके झटकून उभा राहतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. याच क्षणी त्याला बाहेर घ्यायला हवे, आणि त्या दिवशी त्याने पुन्हा आत जाता कामा नये.

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, खरवसासारखा मऊ, कवटीतल्या द्रवात तरंगणारा. डोके एकाएकी थांबले किंवा गर्रकन वळले की आतला मेंदू पिळवटतो आणि चेतातंतू ताणले जातात. पेशींतले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. हा तोल सावरायला पेशींना जास्त ग्लुकोज लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. ही ओढाताण काही दिवस, कधी काही आठवडे चालते. बिघाड मेंदूच्या कामकाजात असतो, तो चित्रात उमटत नाही. त्यामुळे सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ येतो, आणि अहवाल हातात आला की पालक दुसऱ्या दिवशी मुलाला सरावाला सोडतात. सीटी रक्तस्राव आणि कवटीची मोड दाखवण्यासाठी असतो. कन्कशन झाले नाही, असे तो कधीच सांगत नाही.

हेल्मेटचेही तसेच. ते कवटी फुटू देत नाही, आतला मेंदू हलायचा थांबवत नाही. डोक्याला थेट मार लागायलाच हवा असेही नाही. छातीवर जोराचा डॅश, म्हणजे धडक, बसली आणि मान हिसडली तरी पुरते. बेशुद्ध पडण्याचे प्रमाण तर दहात एकाहूनही कमी आहे. ‘शुद्ध गेली नाही, म्हणजे काही नाही’ हे मैदानावर सर्रास ऐकू येणारे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करते.

आपल्या खेळांत हे कुठे घडते ते मैदानावरच्या माणसांना ठाऊक आहे. कबड्डीत घोट्याची पकड करायला कोपरारक्षक खाली झेपावतो आणि चढाई करणाऱ्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसतो. चारपाच जण एकदम तुटून पडतात तेव्हा आपल्याच दोन खेळाडूंची डोकी आपटतात. खो-खोत खांबाजवळ सूर मारताना अंदाज चुकतो. फुटबॉलमध्ये चेंडूपेक्षा समोरच्याच्या डोक्याशी आणि कोपराशी होणारी टक्कर जास्त घातक. कुस्तीत आणि मल्लखांबात पाठीवर पडताना डोके मागे आपटते. आझाद मैदानासारख्या ठिकाणी एका वेळी अनेक सामने एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे पाठमोऱ्या क्षेत्ररक्षकाला शेजारच्या सामन्यातला चेंडू लागतो. दहीहंडीला राज्याने २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला. हेल्मेट घालणारी पथके वाढली, ही चांगली गोष्ट. पण वरच्या थरावरून पडलेला गोविंदा त्याच ट्रकमधून पुढच्या हंडीला जातो आणि पुन्हा थरावर चढतो. दोन हंड्यांमधला तो प्रवास, खरे तर, रुग्णालयाकडे व्हायला हवा.

आता पहिली दहा मिनिटे.

मुलगा हलत नसेल, मानेत दुखते म्हणत असेल, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा सांगत असेल, तर त्याला जागेवरून उचलू नये. दोघांनी खांद्याला आणि दोघांनी पायाला धरून बाहेर नेण्याची आपली पद्धत मानेच्या मणक्याला मोड असेल तर आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकते. एकाने डोक्याशी गुडघे टेकून बसावे आणि दोन्ही तळव्यांत डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. श्वास थांबला असेल तर मात्र मानेची काळजी मागे ठेवून सीपीआर (छातीवर लयीत दाब देणे) सुरू करावा. उलटी होऊ लागली तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून चौघापाच जणांनी मिळून कुशीवर वळवावे. हेल्मेट ओढून काढू नये. मार लागल्याबरोबर काही सेकंद हात ताठ होतात किंवा झटके येतात, तेव्हा धावपळ होते ती कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची आणि दातांत चमचा घालण्याची. यातले काहीही करू नये. मॅजिक स्प्रे डोक्यावर मारून उपयोग नाही, तो डोळ्यांत मात्र जातो.

मुलगा स्वतः उठून चालत असेल तर डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहावे. उठायला वेळ लागला का? पाय लटपटले का? नजर शून्यात आहे का? चढाई संपवून चुकीच्या अंगणाकडे निघाला का? यातली एक गोष्ट दिसली तरी पुरे, त्याला बाहेर घ्यावे. मग सावलीत बसवून विचारावे : आपण कुठल्या मैदानावर आहोत, हा पहिला डाव की दुसरा, शेवटचा गुण कोणी मिळवला, मागचा सामना कोणाशी झाला, तो आपण जिंकलो का. ‘तुझे नाव काय, पंतप्रधान कोण’ हे प्रश्न इथे कुचकामी आहेत, कारण हादरलेल्या मेंदूतही जुनी आठवण शाबूत असते, हुकते ती ताजी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आत्ता आपण कुठे आहोत, जेवणाची सुट्टी झाली का, शेवटचा तास कशाचा होता, बाईंचे नाव काय, असे विचारावे. एक उत्तर चुकले तर निर्णय झाला. सगळी बरोबर आली म्हणून मात्र पोरगा सुटत नाही. डोके दुखतेय, गरगरतेय, मळमळतेय, उजेड सहन होत नाही, ‘सर, कसंतरीच होतंय’, यातले काहीही तो म्हणाला तरी खेळ संपला. डॉक्टरांसाठी ‘स्कॅट-६’ नावाची सविस्तर तपासणी आहे. १३ वर्षांपुढील खेळाडूंना एक आणि ८ ते १२ वयाला वेगळी. तिला शांत जागी किमान दहा ते पंधरा मिनिटे लागतात. पंचाने दिलेल्या दोन मिनिटांच्या थांब्यात ती उरकली, असे कोणी सांगितले तर ती झालेली नाही.

पुढची लक्षणे दिसली तर घरी न नेता थेट सीटी स्कॅन आणि मेंदूशल्यचिकित्सक दोन्ही असलेले रुग्णालय गाठावे : पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, शुद्ध हरपणे किंवा गुंगी वाढणे, दोन-दोन दिसणे, हातापायांत अशक्तपणा, विनाकारण चिडणे किंवा अंगावर येणे, कानातून वा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, कानामागे काळेनिळे होणे. असे रुग्णालय कुठे आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे सामना सुरू होण्यापूर्वी आयोजकाला ठाऊक हवे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभ्या असलेल्या भारतीय क्रिकेटपटू रमण लांबाच्या डोक्याला चेंडू लागला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. थोड्याच वेळात प्रकृती ढासळली आणि काही दिवसांत तो गेला. डोक्यात रक्त साचत असताना सुरुवातीचा काही काळ माणूस ठणठणीत दिसू शकतो. म्हणून पहिले तीन तास तरी त्याला एकटे सोडू नये. संघाच्या गाडीत मागच्या सीटवर झोपवून ठेवणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे.

त्याच दिवशी पुन्हा का खेळवायचे नाही, याचे उत्तर लॉर्ड्‌सवर मिळाले आहे. १७ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासण्या झाल्या, त्यांत तो उत्तीर्ण झाला, परत येऊन ९२ पर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकेदुखी आणि गरगर घेऊनच. मग मार्नस लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला आणि स्मिथ पुढच्या कसोटीलाही मुकला. जगातले उत्तम वैद्यकीय पथक शेजारी असताना लक्षणे रात्रभर लपून राहू शकतात, तर आपल्या पीटीच्या सरांनी मैदानाच्या कडेला काय ओळखावे? त्यांच्याकडून निदानाची अपेक्षाच नाही. त्यांनी फक्त शंका घ्यावी आणि बाहेर बसवावे.

खेळत राहिले तर काय होते, हेही मोजले गेले आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मार लागताच बाहेर आलेली किशोरवयीन मुले सरासरी २२ दिवसांत बरी झाली; खेळत राहिलेल्यांना ४४ दिवस लागले. थोड्या वेळच्या खेळासाठी तीन आठवडे गेले. त्यात प्रतिसाद मंदावलेला असल्याने पुन्हा आदळण्याची शक्यता वाढते, आणि पहिला मार निवळण्याआधी दुसरा बसला तर लहान वयात, क्वचित का होईना, मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू येतो. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली १४ वर्षांचा एक शाळकरी रग्बीपटू असाच गेला. एकाच सामन्यात त्याला अनेकदा मार बसला होता आणि तो पुन्हा पुन्हा मैदानात उभा राहिला होता. त्यानंतरच्या पाठपुराव्यातून ब्रिटनमध्ये सर्व हौशी खेळांसाठी कन्कशनची एकच नियमावली २०२३ मध्ये आली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्येच, कन्कशनची शंका येताच मुलाला बाहेर काढण्याचा कायदा केला आणि पाच वर्षांत सर्व राज्यांत तो पोहोचला.

घरी आल्यावर होणाऱ्या चुका वेगळ्या. पहिली गोळीची. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा त्यांची मिश्र गोळी पहिल्या दिवशी देऊ नये, रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. झोपेची गोळी नको. साधे पॅरासिटामॉल चालते : मुलांना दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने. पण गोळीने डोके थांबले म्हणजे बरे वाटले, असे धरू नये. लक्षणांविना गेलेला दिवस गोळीविना मोजायचा असतो. दुसरी चूक झोपेविषयीची. ‘डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका’ असे आजी सांगते. धोक्याची लक्षणे नसतील आणि डॉक्टरांनी पाहिले असेल तर मुलाला झोपू द्यावे, झोप मेंदूला हवीच असते. तिसरी चूक उलट टोकाची : अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवणे. हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, आणि तिच्या २०२३ मधील निवेदनाने, स्पष्ट केले की पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती पुरे. घरात वावरणे, थोडे चालणे चालते. मोबाइल आणि टीव्ही या दोन दिवसांत अगदी कमी. पुढे हालचाल हळूहळू वाढवली तर बरे होणे लांबत नाही, उलट लवकर होते.

आधी शाळा, मग मैदान, हा क्रम सोडू नये. घरी पाच ते पंधरा मिनिटांच्या वाचनाने सुरुवात करावी, मग गृहपाठ, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. त्या काळात घटक चाचणी पुढे ढकलावी, पंख्याखाली पण खिडकीच्या प्रखर उजेडापासून दूर बसवावे, उन्हात टोपी द्यावी, मधल्या सुट्टीत गोंगाटापासून बाजूला बसू द्यावे. लक्ष न लागणे आणि चिडचिड हीदेखील लक्षणे आहेत, आळस नव्हे, हे वर्गशिक्षकांना लेखी कळवावे. मुलीही आता मोठ्या संख्येने कबड्डी-फुटबॉल खेळतात. त्याच खेळात मुलींमध्ये लक्षणे जास्त आणि कधी अधिक दिवस दिसतात, तेव्हा ‘नाटक करते’ हा शेरा तर मुळीच नको.

व्यायामाची पायरी नाडीवर ठरवता येते. २२० मधून वय वजा करा : १४ वर्षांच्या मुलासाठी २०६. पहिल्या टप्प्यात याच्या ५५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे मिनिटाला साधारण ११३ ठोके. मनगटावर १५ सेकंदांत २८ मोजले की तेवढे झाले. चालणे किंवा स्थिर सायकल यासाठी उत्तम. पुढच्या टप्प्यात ७० टक्के, १५ सेकंदांत ३६. त्यानंतर एकट्याचा सराव : पदलालित्य, धावणे, दिशा बदलणे, डोक्याला मार बसणार नाही असे काहीही. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. व्यायाम करताना डोकेदुखी दहापैकी दोन अंशांपर्यंत वाढली आणि तासाभरात उतरली तर हरकत नाही. त्याहून वाढली तर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. इथपर्यंत थोडी लक्षणे असली तरी चालते. संघासोबतचा सराव, तोही आधी अंगाला अंग न लावता, मात्र सगळी लक्षणे गेल्यावरच. नंतर डॉक्टरांची लेखी परवानगी, मग प्रत्यक्ष पकडींचा सराव आणि शेवटी सामना. ब्रिटनच्या नियमावलीत सलग १४ दिवस लक्षणांविना गेल्याशिवाय पकडीचा सराव नाही आणि २१ दिवसांच्या आत सामना नाही. जिथे क्रीडावैद्यक उपलब्ध नाही, तिथे हाच आकडा धरावा, असे आमचे ठाम मत आहे. चार आठवड्यांनंतरही डोके, चक्कर किंवा झोप ताळ्यावर नसेल तर वाट पाहू नये. मान, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि अर्धशिशी या तिन्हींवर उपचार आहेत.

प्रौढांची बहुतेक लक्षणे दहा ते चौदा दिवसांत निवळतात, पण त्यांची अडचण वेगळी आहे : रात्रीच्या टर्फ क्रिकेटमध्ये डोके आपटलेला गडी स्वतः दुचाकी चालवत घरी जातो. मंदावलेल्या प्रतिसादाने महामार्गावर काय होईल ते सांगायला नको. त्या रात्री गाडी दुसऱ्याने चालवावी, मद्य वर्ज्य, आणि यंत्रावर किंवा उंचीवर काम असेल तर डॉक्टरांना विचारून रुजू व्हावे.

आमची मागणी शालेय क्रीडा स्पर्धांपुरती आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. कबड्डीत संघात बारा खेळाडू असतात, मैदानात सात. बदली खेळाडू हाताशी असतोच, वेगळ्या नियमाची गरज नाही. प्रत्येक सामन्याआधी प्रशिक्षक नसलेल्या एका व्यक्तीचे नाव गुणपत्रकावर लिहावे आणि डोक्याच्या माराबाबत तिचा शब्द अंतिम मानावा. प्रशिक्षकाने हा निर्णय घ्यावा अशी अपेक्षाच अन्यायाची आहे, कारण दोन गुणांनी मागे असताना त्याच्या डोळ्यांसमोर लोण असतो. बाहेर काढलेल्या खेळाडूची नोंद गुणपत्रकाच्या शेवटी करून ती शाळेला आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला जावी. तालुका, जिल्हा, विभाग अशा फेऱ्या लागोपाठ येतात आणि तोच मुलगा पुढच्या फेरीत उतरतो, तेव्हा ती नोंद तिथल्या आयोजकासमोर हवी.

आणखी एक, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी मुले लक्षणे लपवतात, पालकही गप्प बसतात. कन्कशनमुळे पुढच्या फेरीला मुकलेल्या मुलाचे नाव संघात कायम ठेवून, संघ जिथवर पोहोचेल तिथवरचे क्रीडा गुण त्यालाही मिळावेत, असे शिक्षण आणि क्रीडा विभागाने एका परिपत्रकाने जाहीर करावे. त्यानंतर ‘सर, गरगरतंय’ म्हणायला मुलगा घाबरणार नाही.

तोवर प्रत्येक शाळेला आजपासून करता येईल ते एवढेच : मैदानावर एक कोरी वही ठेवावी. मार लागला की त्यात वेळ, कसा लागला, काय दिसले, मुलगा काय म्हणाला आणि त्याला कोणाच्या ताब्यात दिले हे लिहावे. वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांची चिठ्ठी पालकांच्या हातात द्यावी आणि रात्री नऊ वाजता एक फोन करावा.

आपले,
क्रीडावैद्यक व फिजिओथेरपी क्षेत्रात काम करणारे काही जण, पुणे